प्रमिला बोभाटेचं नाव

“तुम्हाला वीस सेकंद, मिस्टर तांडेल. वीस म्हंजे वीस. एकविसाव्याला बँड वाजनार.”

पर्सिसबाई रंगमंचाच्या कडेला घड्याळ धरून उभ्या होत्या. गळ्यात दोन चष्मे, पायात कापडी बूट, वय पन्नाशीच्या पुढचं. हिंदी सिनेमाचा तो वार्षिक पुरस्कार सोहळा दरवर्षी त्याच उभा करायच्या म्हणे. दुपारचे तीन वाजले होते. समोर दोन हजार खुर्च्या रिकाम्या. पुढच्या चार रांगांत प्रत्येक खुर्चीच्या पाठीला एकेका नटाचं, निर्मात्याचं नाव लिहिलेला कागद चिकटवलेला. त्या कागदांसमोर मी चालून दाखवत होतो.

“तुम्ही फायटिंगवाले ना? मग पायऱ्या उतरताना असे काय घाबरता?”

“बूट नवीन आहेत, बाई.”

“बरं. आता ही समजा ट्रॉफी.” त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. “आता बोला, काय बोलनार ते.”

कोटाच्या खिशात कागद होता. तो मी काढला नाही. “थँक्यू,” म्हणालो.

“बस?”

“बस.”

“फस्क्लास. सगळ्यांनी असंच बोलावं.” त्यांनी यादीवर खूण केली. “सहा चाळीसला तुमचा नंबर. मोठे लोक साडेसातला येतील, तोवर टेक्निकल अवॉर्ड आटपून टाकू.”

त्या वर्षी मारामारी आणि उड्यांच्या दृश्यांसाठीचा पुरस्कार आमच्या सिनेमाला मिळाला होता. म्हणजे गुरमुख मास्टरांना. मी त्यांचा पहिला असिस्टंट, नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. मोठ्या नटांची नावं स्टेजवर पाकिटातून निघतात. आमच्यासारख्यांना आधी कळवतात, नाहीतर कुणी येणारच नाही. मास्टर जैसलमेरला शूटिंगमध्ये होते. फोनवर म्हणाले, “मोरेश्वर, तू ले ले. तेरा भी उतना ही हक है.” आणि फोन ठेवून दिला. एरवी फोनवर अर्धा अर्धा तास बोलणारा माणूस.

ज्या दृश्यासाठी पुरस्कार होता त्यात नायिका जळत्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून उडी मारते. ती उडी नटीनं मारली नव्हती. तिच्यासारखे निळे कपडे घालून प्रमिला बोभाटेनं मारली होती. ऑगस्टची सहा तारीख होती, संध्याकाळचे पाच वाजले असतील. त्या उडीत प्रमिला गेली. सेटवरून हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. कॅमेऱ्यात शॉट मात्र नीट आला होता. तो सिनेमात ठेवला.

प्रमिलाला, आमच्या पमीला, या लाइनीत मीच आणलं होतं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात एका व्यायामशाळेत ती दोरीच्या मल्लखांबावर उलटी लटकून हातांनी नमस्कार करायची. मी मास्टरांना घेऊन गेलो, त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “इस को कल भेज.” सहा वर्षं तिनं आमच्याबरोबर काम केलं. गेली तेव्हा सव्वीसची होती. उडी मारण्याआधी पायातल्या चपला भिंतीशी जोडीनं लावून ठेवायची, देवळाबाहेर ठेवतात तशा. मला मोरूदादा म्हणायची.

पोलिसांना मी जबाब दिला होता. उडी चुकली, असा.

*

पुरस्काराचं कळलं त्या आठवड्यात मी तिच्या आईकडे गेलो होतो. इंदुमावशी महापालिकेच्या हॉस्पिटलात आया होत्या, बत्तीस वर्षं काम करून नुकत्याच घरी बसलेल्या. नवरा पमी लहान असतानाच गेला होता. मी गेलो तेव्हा त्या दारात बसून मेथी निवडत होत्या.

“बक्षीस मिळालंय म्हणे तुमच्या सिनेमाला,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या कदमांची सून सांगत होती. पेपरात आलंय.”

“हो, मावशी.”

“कशाला मिळालं?”

मीही एक जुडी पुढं ओढली. त्यांनी जुडीतली पिवळी पानं बाजूला काढली.

“घ्यायला कोण जाणार?”

“मीच. मास्टर बाहेरगावी आहेत.”

“बोलायला देतात तिथं?”

“थोडं. दोन वाक्यं.”

“मग तिचं नाव घे.”

त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “कदमांच्या सुनेनं सिनेमा पाहिला. शेवटची नावं संपेपर्यंत बसून राहिली बिचारी. दिवे लावले, झाडूवाले आले तरी बसली. म्हणाली, चहा देणाऱ्यांचीसुद्धा नावं आहेत मावशी, पमीचं नाही. ती उडी सगळे त्या नटीची समजतात.” त्यांनी हात थांबवला. “मला दुसरं काही नको. एकदा चार लोकांसमोर कुणीतरी म्हणावं, की ती प्रमिला बोभाटे होती.”

“घेतो, मावशी. शपथ.”

“शपथ नको. नाव घे.”

घरी येऊन मी कागदावर तीन वाक्यं लिहिली. हिंदीत, कारण तिथं हिंदीच चालतं. घड्याळ लावून म्हणून पाहिली. चौदा सेकंद झाले. मग रोज अंघोळ करताना म्हणायचो. मी आठवी नापास माणूस. आयुष्यात तिसऱ्या मजल्यावरून दीडशे वेळा तरी उडी मारली असेल, पण माइकसमोर कधी उभा राहिलो नव्हतो.

*

तालमीनंतर आम्हाला मागच्या एका खोलीत बसवलं. कॅमेरावाले होते, नाचाचे मास्टर होते, साउंडचा एक म्हातारा होता. सगळ्यांच्या अंगावर भाड्याचे कोट. पाचच्या सुमारास दारात पुजारी दिसला. आमच्या सिनेमाचा प्रॉडक्शन मॅनेजर, निर्माते लखानी शेठ यांचा उजवा हात. त्यानं मला बोटानं बाहेर बोलावलं.

“काय बोलणार आहेस वर?”

“थँक्यू.”

“खिशातून डोकावतोय तो कागद कसला आहे?”

मी खिशावर हात ठेवला. त्यानं माझ्या कोटाची कॉलर नीट केली.

“हे बघ मोरेश्वर, तू आपला माणूस आहेस. मे महिन्यात त्या अपघाताची कोर्टात तारीख आहे. तुझी साक्ष आहे. तू जबाब व्यवस्थित दिलास, सगळं व्यवस्थित चाललंय. आज तिथं त्या मुलीचं काही काढू नको. शेठ समोरच बसणार आहेत.”

“नुसतं नाव घेणार आहे.”

“नाव कशाला? नाव घेतलं की लोक विचारतात, कोण ती? मग विचारतात, कशी गेली?”

“तिच्या आईला शब्द दिलाय.”

पुजारीनं कॉलरवरचा हात काढला. तो वाईट माणूस नव्हता. पमीच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता.

“उद्यापासून काम पाहिजे ना तुला?” एवढं म्हणून तो गेला.

मी परत येऊन बसलो. साउंडच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “पहली बार?” मी मान हलवली. “मेरा तीसरा है,” तो म्हणाला. “कुछ नहीं होता. ऊपर जाओ, नीचे आओ.”

त्या दीड तासात मी कितीदा तरी ठरवलं आणि मोडलं. थँक्यू म्हणावं आणि उतरावं. मावशींना सांगावं, वेळच दिला नाही. मग मेथी निवडणारे त्यांचे हात आठवायचे. सहा पस्तीसला पर्सिसबाई आल्या आणि मला हाताला धरून पडद्यामागच्या अंधारात उभं केलं.

पडद्याच्या फटीतून सभागृह दिसत होतं. निम्मं रिकामं. पुढच्या खुर्च्यांवरचे कागद काढले होते आणि तिथं कॉलेजची मुलं-मुली नटूनथटून बसवली होती, कॅमेऱ्यात जागा मोकळ्या दिसू नयेत म्हणून. मोठे लोक आले की ती उठणार होती. मागं मोठा पडदा उजळला आणि त्यावर आमच्या सिनेमाचा तुकडा सुरू झाला. आग, धूर, खिडकीच्या चौकटीत निळ्या कपड्यांतली पाठमोरी बाई. तिनं दोन्ही हात पसरले. मी खाली बघितलं. बुटांच्या नाडीकडे बघत राहिलो. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा कळलं, उडी झाली.

“मास्टर गुरमुख सिंग! उनकी तरफ से मोरेश्वर तांडेल!”

पायऱ्या मी कशा चढलो ते आठवत नाही. एका जुन्या चरित्र नटानं माझ्या हातात ट्रॉफी दिली. पंख पसरलेला पितळी पक्षी, हाताला गार आणि वाटला होता त्यापेक्षा जड. माइक माझ्या उंचीला फार वर होता. कागद काढायचा राहून गेला. मी टाचा उंच केल्या आणि पाठ केलेलं म्हणालो,

“ये अवॉर्ड मेरा नहीं, प्रमिला बोभाटे का है. वो छलांग उसकी थी. इस फिल्म के लिए उसने अपनी जान दी.”

मग टाळ्या वाजल्या, आणि त्या नेहमीच्या नव्हत्या. तिसऱ्या रांगेत एक वयस्क बाई उभी राहिली. तिच्यामागं ती कॉलेजची मुलंही उभी राहिली. चरित्र नटानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. बँड वाजलाच नाही.

खाली आलो तर पर्सिसबाई रुमालानं चष्मा पुसत होत्या, दोन्हींपैकी कुठला ते देव जाणे. “चौदा सेकंद,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खोटं बोलला माझ्याशी. पन फार सुंदर बोललात.”

सहा महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो आणि रडलो. काम जाणार होतं. जाऊ दे. दुसरं करीन. वेसाव्याला भावाची होडी आहे, मासळी मारीन.

समोरून लखानी शेठ आले, मागं पुजारी. मी ताठ उभा राहिलो. शेठ जवळ आले आणि त्यांनी दोन्ही हात पसरून मला मिठी मारली.

“बहुत अच्छा बोला, तांडेल,” ते माझ्या कानात म्हणाले. “जान दी. वा. सच बात है. दी उसने.”

पुजारी त्यांच्या मागं उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मला तेव्हा काहीच कळलं नाही. मला वाटलं, माणूस वाटला तेवढा वाईट नाही. मी बाहेर पळत गेलो, कोपऱ्यावरच्या फोनवरून कदमांच्या घरी फोन लावला आणि मावशींना बोलवायला सांगितलं. त्या धापा टाकत आल्या.

“घेतलं, मावशी! नाव घेतलं! लोक उभे राहिले!”

“पूर्ण नाव घेतलंस?” त्यांनी विचारलं. “प्रमिला बोभाटे?”

“पूर्ण.”

“देव तुझं भलं करो रे बाबा.”

*

सोहळा टीव्हीवर दाखवला पुढच्या रविवारी, दुपारी चार वाजता. मावशींनी सगळ्या इमारतीला सांगितलं होतं. मी पोचलो तेव्हा त्यांच्या त्या एका खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. व्यायामशाळेचे गुरुजी आले होते, त्यांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं होतं. मावशी इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. त्यांनी शिरा केला होता. ट्रॉफी मी पिशवीतून आणली होती. मास्टर परत येईपर्यंत ती माझ्याकडेच होती. ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली.

कार्यक्रम सुरू झाला. नाच, विनोद, पुन्हा नाच. मोठमोठे नट गाड्यांतून उतरताना. कदमांची सून प्रत्येकाचं नाव मावशींना सांगत होती. मावशी माझ्याकडे वळून विचारायच्या, “आता तू?” मी म्हणायचो, “थोडं थांबा.” मी खरं तर पहिल्या पंधरा मिनिटांत असायला हवा होतो.

पाच वाजून गेले. मग एक जाहिरात संपली आणि निवेदक बाईचा गोड आवाज आला, “और अब, परदे के पीछे के सितारे.” संगीत सुरू झालं आणि पडद्यावर भराभर चित्रं सरकू लागली. कॅमेरावाला ट्रॉफी घेताना. नाचाचे मास्टर. साउंडचा म्हातारा. मग आग, धूर, खिडकी. निळ्या कपड्यांतली पमी. हात पसरले, झेपावली, खाली आली. मग मी. पक्षी हातात, तोंड उघडलेलं. आवाज नाही, नुसतं संगीत. मग दुसराच कुणीतरी.

सगळं मिळून पाऊण मिनिट. पुन्हा नाच सुरू झाला.

“झालं?” गुरुजी म्हणाले.

“परत दाखवतील,” कदमांची सून म्हणाली. “ही नुसती झलक असणार.”

म्हणून सगळे शेवटपर्यंत बसले. सातला कार्यक्रम संपला. एकेक जण उठला. कुणी मावशींच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी जाता जाता माझ्याकडे पाहिलं. गुरुजींनी पाहिलंच नाही. खोलीत मी आणि मावशी राहिलो. त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

“मी बोललो होतो, मावशी. आईची आण.”

“बोलला असशील.”

“त्यांनी कापलं. सगळ्यांचंच कापलं. वेळ नसतो त्यांना.”

“बरं.” त्या पलंगाच्या काठावर बसल्या. “मग आता म्हण. तिथं म्हणालास तसंच. एक अक्षर बदलू नको.”

मी उभा राहिलो. ताटल्या, शिऱ्याचं भांडं, सांडलेलं पाणी, त्याच्यामध्ये. अंघोळीत इतक्यांदा म्हटलेली वाक्यं. तीच म्हणालो. “ये अवॉर्ड मेरा नहीं, प्रमिला बोभाटे का है. वो छलांग उसकी थी. इस फिल्म के लिए उसने अपनी जान दी.”

मावशींनी नाव ऐकताना डोळे मिटले होते. ते उघडले.

“जान दी म्हणजे जीव दिला ना?”

“हो.”

“दिला?”

मी एक ताटली उचलून बाजूला ठेवली.

“त्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, आई, संध्याकाळी काही करू नको, मी येताना बोंबील आणते. जीव द्यायला निघालेली पोरगी बोंबील आणते म्हणते का रे?”

“मला तसं म्हणायचं नव्हतं, मावशी.”

“मग कसं म्हणायचं होतं?”

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“ती उडी मी आज पहिल्यांदा पाहिली,” त्या म्हणाल्या. “सिनेमा बघायला मी गेलेच नाही. तुम्ही सगळे म्हणालात चुकली, म्हणून मला बघवलं नसतं. आज पाहिली. सरळ गेली ना रे? लहानपणी दोरीवरून गादीवर यायची, तशीच आली.”

“पडद्यावर तसं दिसतं. कॅमेऱ्याचा कोन असतो.”

“असेल. मला त्यातलं कळत नाही.” त्या शांतपणे बोलत होत्या, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला समजावतात तसं. “पण मी बत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढली. पडलेली माणसं खूप पाहिली. जिन्यावरून पडलेली, परांचीवरून पडलेली. चुकून पडणारं माणूस हात पुढं करतं. मनगट मोडतं, खांदा मोडतो, तोंड फुटतं. पमीला शेवटची अंघोळ मी घातली. हाताला ओरखडा नव्हता. तोंड झोपल्यासारखं. मोडली होती ती पाठ. नुसती पाठ.”

उडी चुकली नव्हती.

उंचावरून उडी मारणारा पाठीवर पडतो. खाली रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थर लावतात, वर गाद्या टाकतात. खोकी चेपत जातात आणि माणूस वाचतो. तिसऱ्या मजल्याला तीन थर लागतात. त्या दिवशी दोनच होते. तिसऱ्या थराची खोकी घेऊन येणारा टेम्पो स्टुडिओच्या फाटकाबाहेर कुठंतरी अडकला होता. ऊन उतरत होतं, नटी दुसऱ्या दिवशी परदेशी जाणार होती, लखानी शेठ घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. मास्टरांनी मला विचारलं, “हो जाएगा?” थर लावणं माझं काम होतं. दोन थरांवर मी स्वतः एकदा उडी मारली होती, वाचलो होतो. मी म्हणालो, “हो जाएगा.”

वरून गाद्या दिसतात, थर दिसत नाहीत. म्हणून पमी नेहमी विचारायची. त्या दिवशीही खिडकीतून वाकून तिनं विचारलं, “मोरूदादा, किती?”

मी तीन बोटं दाखवली.

ती गाद्यांच्या मधोमध पडली. पांढऱ्या पट्टीनं मी फुली मारली होती, बरोबर त्या फुलीवर.

“मोरेश्वर,” मावशी म्हणाल्या, “तू खाली उभा होतास ना?”

“हो.”

“तिनं वरून तुला काही विचारलं होतं?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर कदाचित मी बोललो असतो. आता वाटतं, त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्या मला बोलायला एक जागा करून देत होत्या. मेमधली तारीख माझ्या डोळ्यांपुढं आली. जबाबावरची माझी सही आली. मिठी मारणारे शेठ आले.

“नाही, मावशी.”

“खाली सगळं नीट होतं?”

“होतं.”

त्या ताटल्या गोळा करू लागल्या.

“बरं झालं ते कापलं,” त्या म्हणाल्या. “जगानं ऐकलं असतं, की तिनं जीव दिला.”

मी ट्रॉफी पिशवीत घातली. मला वाटलं, आता त्या म्हणतील, पुन्हा तोंड दाखवू नको. पण त्यांनी चहा टाकला. मी तो प्यायलो. निघालो तर पायात चपला घालून माझ्याबरोबर बस-स्टॉपपर्यंत आल्या. नको म्हणालो तरी आल्या. बस येईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. बस दिसली तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

“कधी काही सांगावंसं वाटलं तर ये. मी घरीच असते.”

*

मे महिन्यात कोर्टात मी तेच सांगितलं. उडी चुकली. मावशी मागच्या बाकावर बसल्या होत्या. माझं झाल्यावर त्या उठून गेल्या. केस मिटली. मास्टरांनी दोन वर्षांनी काम सोडलं आणि त्यांच्या जागी लखानी शेठनी मला घेतलं. पुढं माझं स्वतःचं नाव पडद्यावर येऊ लागलं. त्या सोहळ्यात मी आणखी दोनदा गेलो, एकदा माझ्या नावानं. माझ्या सेटवर खोकी मी स्वतः मोजतो. जिथं तीन लागतात तिथं पाच थर लावतो. नवीन पोरं एकमेकांना सांगतात, तांडेल मास्टरांसारखा काळजी घेणारा माणूस नाही.

मावशी त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. विक्रोळीवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. एकदा कन्नमवार नगरात वळलो, इमारतीखाली रिक्षा थांबवली, आणि त्याच रिक्षानं परत फिरलो.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. मग मात्र गेलो. खोलीला कुलूप होतं. कदमांच्या सुनेनं ओळखलं, आत बोलावलं, पाणी दिलं. तिचे केस पिकायला लागले होते.

“शेवटी शेवटी फार थकल्या होत्या,” ती म्हणाली. “पण दुपारी दार काही लावायच्या नाहीत. सताड उघडं. मी म्हणायची, मावशी, मांजर शिरेल, चोर शिरेल. तर म्हणायच्या, असू दे, एक जण यायचा आहे.”

तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

“कोण यायचं होतं हो? तुम्हाला काही बोलल्या होत्या का?”

“नाही,” मी म्हणालो. “काही नाही बोलल्या.”